पाणसळ आणि ओळंबा

सकाळी सहा वाजता पुण्याच्या संगम पुलावर सायकल टेकवून उभे राहा. इथे मुठा येऊन मुळेला मिळते आणि दोघींची मिळून मुळा-मुठा होते. आता पश्चिमेकडे तोंड करा. रस्त्याने पंचेचाळीसेक किलोमीटरवर मुळशीचं धरण आहे, मुळा तिथून येते. पावसाळ्यातली मुळशी तुम्ही पाहिली असेल: ढगांत शिरलेले डोंगर, अंगावर येणारं धुकं, वळणावळणाला धबधबा. मग सांगा पाहू, मुळशीचं तळं पुण्याहून किती उंचावर असेल?

कुणी तीनशे मीटर म्हणतं, कुणी पाचशे. डोंगरातलं तळं आहे, उंच असणारच! आता आकडे बघा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुळशीचं तळं काठोकाठ भरलं की त्याच्या पाण्याची पातळी असते सुमारे ६०७ मीटर. म्हणजे फरक सत्तेचाळीस मीटरचा. पुण्यातली पंधरा-सोळा मजली इमारत घ्या, तिची गच्ची आणि मुळशीचं पाणी एका पातळीत! आणि या सत्तेचाळीस मीटरांतलाही मोठा वाटा धरणाच्या भिंतीचाच, कारण ती भिंत पायापासून जवळजवळ एकोणपन्नास मीटर उंच आहे. भिंत बाजूला ठेवली तर नदीच्या वाट्याला कितीसा चढ उरतो?

पंचेचाळीस किलोमीटरांत सत्तेचाळीस मीटर, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर. न्हाणीघरात पाणी तुंबू नये म्हणून गवंडी फरशीला जो उतार देतो, तो याच्या निदान दहापट असतो. सह्याद्रीच्या गाभ्यापर्यंत जाणारी ही दरी तुमच्या न्हाणीघराच्या फरशीहून सपाट आहे!

मोटारीत बसून हे कळत नाही. इंजिन सगळे चढ गिळून टाकतं. चालताना थोडंफार कळतं. पण जमिनीचा उतार नेमका ओळखण्यात सायकलीसारखी दुसरी वस्तू नाही. सपाट रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या सायकलीला फार थोडी ताकद पुरते: टायरचं घर्षण आणि समोरचा वारा, बस. त्यात शंभर मीटरला फक्त एक मीटर एवढा चढ आला की लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. डोळ्यांना जो रस्ता अगदी सपाट दिसतो, त्यावर मांड्या लगेच तक्रार करू लागतात. गवंड्याकडे पाणसळ असते ना, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली? तो बुडबुडा केसभर सरकला की भिंत कुठे कलली ते कळतं. सायकल म्हणजे पायांना बांधलेली पाणसळ आहे.

ही पाणसळ घेऊन तीन दिवसांचा एक प्रवास करायचा आहे. पहिल्या दिवशी संगमापासून मुळेच्या उगमाकडे, मुळशीपर्यंत. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाने ताम्हिणी घाटात आणि घाट उतरून कोकणात, कोलाडला. तिसऱ्या दिवशी कुंडलिका नदीच्या सोबतीने रोह्यावरून रेवदंड्याला, समुद्रावर. सगळं मिळून अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. नकाशात बघा, पुणं, मुळशी आणि रेवदंडा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तिन्ही दिवस सकाळचं ऊन पाठीवर आणि मावळता सूर्य समोर.

नदीच्या काठाने सायकल चालवण्याचं वेड जगभर आहे. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने जाणाऱ्या तीनशेहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर दर उन्हाळ्यात हजारो लोक सायकली काढतात, त्यात लहान मुलं असतात, आजी-आजोबाही असतात. डोंगराळ देशात एवढी सोपी वाट सापडते कशी? कारण ती आखणारा कुणी माणूस नाही. पाणी हा जगातला सगळ्यात जुना ओव्हरसियर. डोंगरातून जायची सगळ्यात सौम्य वाट कुठली, हे त्याने लाखो वर्षं घासून घासून ठरवलेलं असतं.

माणसाचे रस्ते मात्र घाईचे असतात, हे पहिल्याच दिवशी कळतं. मुळा पौडवरून येते, लवळ्याच्या बाजूने वळते, मग बालेवाडी, औंध, खडकी असा भला मोठा वळसा घेत संगमावर पोचते. आपला पौड रस्ता तेवढं थांबायला तयार नाही. तो चांदणी चौकाच्या खिंडीतून सरळ घुसतो. तिथे पहिला दम लागतो. पुढे भूगाव, भुकूम. इथे पडणारं पाणी थेट मुळेत जात नाही, ते राम नदीत उतरून बावधन-पाषाणवरून मुळेला मिळतं. म्हणजे चांदणी चौक ओलांडून तुम्ही एका छोट्या नदीच्या अंगणात आलात. मग पिरंगुटचा लहानसा घाट येतो, आणि तो उतरला की पुन्हा मुळेचं खोरं. या सगळ्या चढउतारांत मुळेचा चढ एकही नाही, ते सगळे आपल्या घाईचे चढ आहेत. एका खोऱ्याची भिंत चढायची, दुसऱ्यात उतरायचं. नदी यातलं काहीच करत नाही, ती फक्त लांबून जाते.

पिरंगुट मागे पडलं की गंमत सुरू होते. पौडकडे जाताना दोन्ही बाजूंना डोंगर उंच होत जातात, जवळ येतात, त्यांचे माथे सपाट आणि कडे ताठ होतात. डोळे सांगतात, आता चढ येणार. आणि पाय म्हणतात, कुठाय चढ? मधूनमधून एखादा चढाव येतो तो रस्त्याचा, दरीचा तळ मात्र तसाच ऐसपैस पसरलेला. भाताची खाचरं एकाशेजारी एक मांडलेली. हा मावळ आंबेमोहोर तांदळाचा मुलूख, आणि भाताच्या खाचराला तर पाणी सगळीकडे सारख्या पातळीत उभं राहायला हवं. इथला शेतकरी दरवर्षी बांध घालून तीच पाणसळ लावत असतो.

पण थांबा. इथे काहीतरी चुकतंय. शाळेत नदीचं आयुष्य शिकलो होतो ते आठवा. डोंगरात नदी तरुण असते, अरुंद घळीतून उड्या मारत येते. मैदानात ती प्रौढ होते, पात्र रुंदावतं. समुद्राजवळ म्हातारी होऊन संथ वाहते. मग मुळा आपल्या उगमाजवळच इतकी संथ, इतकी रुंद कशी? हिचं बालपण गेलं कुठे?

हा प्रश्न घेऊन पहिली रात्र तळ्याकाठी काढायची. मात्र या तळ्याकाठी बसताना त्याच्या तळाशी काय आहे ते आठवायला हवं. धरणाच्या कामाला लोकांनी विरोध केला आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकरी, बायामुलं कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. बापटांना सगळा महाराष्ट्र ‘सेनापती’ म्हणू लागला तो याच लढ्यामुळे. धरणांविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा १९२४पर्यंत चालला, धरण झालं, आणि पन्नासच्या आसपास गावांचं जगणं पाण्याने मोडलं. किलोमीटरमागे एक मीटर उताराची रुंद दरी धरण बांधणाऱ्याला हवीशी वाटते, कारण एका भिंतीत कोसच्या कोस पाणी साठतं. आणि शेतकऱ्यालाही हीच दरी हवीशी, कारण गाळाची सपाट जमीन डोंगरात आणखी कुठे मिळणार? भांडण या सपाटीवरूनच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या कडेने ताम्हिणीकडे निघा. रस्ता झाडीत शिरतो, वरखाली होतो, तळ्याचे फाटे कधी उजवीकडे चमकतात, कधी झाडांमागे लपतात. दरी अजूनही पसरटच आहे. आता उगम येणार, आता दरी निमुळती होणार, असं वाटत राहतं. आणि मग एका वळणावर समोरची जमीन संपते.

अगदी खरोखर संपते. पुढे डोंगर नाही, शिखर नाही, काहीच नाही. नुसती हवा. आणि त्या हवेच्या तळाशी, जवळजवळ पाचशे मीटर खाली, कोकण. गवंड्याच्या पिशवीतली पाणसळ आता ठेवून द्या आणि दुसरं हत्यार काढा: ओळंबा. दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते सांगणारं. कुंडलिकेच्या दरीचे कडे बघताना वाटतं, ते कुणीतरी ओळंबा लावूनच तासले असावेत.

इथे काल रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पुण्याच्या बाजूने बघितला तर सह्याद्री हा डोंगर नाहीच, तो काठ आहे. आपण पुणेकर एका प्रचंड मोठ्या ओट्यावर राहतो आणि त्या ओट्याची कड म्हणजे ताम्हिणी. मध्ये जे डोंगर दिसतात ते झिजून उरलेले तुकडे, पण दऱ्यांचे तळ ओट्याच्याच पातळीत.

हा ओटा बांधला कुणी? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी नव्हे, मैलोन् मैल भेगा. पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरायचा, थिजायचा. मग त्यावर दुसरा थर, तिसरा, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. महाबळेश्वरच्या परिसरात हे थर मोजत गेलं तर जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. आज उरलेला हा काळा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भूशास्त्रात त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. हा ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. घाटातून समोरच्या डोंगराकडे बघा, एक कडा, एक सपाट पट्टा, परत कडा, परत पट्टा. जिनाच आहे तो, आणि त्याची एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा.

घाटात सायकल उभी करून रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे जवळून बघा. काळ्या कातळात कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लोंढा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला की खालचा कातळ झिजून त्याची माती झाली. मग वरून तापलेला लाव्हा आला आणि त्याने ती माती विटेसारखी भाजून काढली. दोन काळ्या थरांमधली ती लाल रेघ म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली विश्रांती आहे. आपण बोट ठेवू शकतो त्यावर!

याच सुमारास आणखी एक मोठी घटना घडत होती. भारताच्या पश्चिमेला चिकटलेला जमिनीचा तुकडा तुटून दूर गेला. आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटं हा त्याचा अवशेष. त्या तुटण्यात भारताची पश्चिम कड उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेकडे किंचित कललं. पाण्याने भरलेली परात एका कडेने जराशी उचला, काय होईल? पाणी दुसऱ्या कडेला धावेल. म्हणूनच मुळा हा असा विलक्षण प्रवास करते. अरबी समुद्र तिच्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, पण ती त्याच्याकडे पाठ करून निघते. पुण्यात मुठेला घेते, पुढे भीमेला मिळते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून विठोबाच्या पायाशी वळते, रायचूरच्या परिसरात कृष्णेत शिरते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटते. हजाराहून जास्त किलोमीटर! परातीचा कल आहे तो.

आणि तिचं हरवलेलं बालपण? परातीच्या उचललेल्या कडेवरून पश्चिमेला पडणारं पाणीही होतंच. त्या नद्या आखूड, पण भयंकर उताराच्या. अशी नदी उगमाच्या बाजूने करवतीसारखी मागे मागे कापत जाते. कड्याचा पाया पोखरायचा, वरचा भाग कोसळायचा, कडा मागे सरकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा रीतीने सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आला आहे, आणि येताना त्याने पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांची डोकी कापून टाकली आहेत. मुळेची दरी कड्याजवळ इतकी रुंद दिसते, कारण भूरूपशास्त्रज्ञांच्या मते हा तिचा खरा उगम नव्हेच. ती मधूनच कापली गेलेली नदी आहे. तिचं उड्या मारणारं बालपण पश्चिमेला कुठेतरी होतं, जिथे आज फक्त हवा आहे.

किती वेगाने सरकतो हा कडा? एक ढोबळ हिशोब करू. तो आजच्या किनाऱ्याजवळून निघाला असं धरलं, तर साधारण सहा कोटी वर्षांत पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे सरासरी वर्षाला एक मिलीमीटर! तुमचं नख दहा दिवसांत जेवढं वाढतं, तेवढा सह्याद्री वर्षभरात पुण्याकडे सरकतो. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात शतकानुशतकं काहीच होत नाही आणि मग एखाद्या पावसाळी रात्री दरड कोसळते. म्हणून या मार्गावर सायकल काढायची ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भर पावसात नव्हे.

आता उतरायचं. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासा, कारण पुढच्या काही किलोमीटरांत त्यांना मोठं काम आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून पंच्याऐंशी किलो धरा. एवढं वजन पाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सव्वा लिटर पाण्याला सहज उकळी येईल. सात-आठ जणांचा चहा! त्यातली काही वारा घेतो, उरलेली सगळी ब्रेक आणि चाकाच्या धावेत उष्णता होऊन जाते. मधे थांबून ती धाव चटका न बसेल अशा बेताने चाचपून बघा. गुरुत्वाकर्षण हाताला लागतं.

सायकलवाल्याच्या पाचशे मीटरांतून सव्वा लिटर उकळतं, तर आख्ख्या तळ्याच्या पाचशे मीटरांतून काय होईल? मुळशीचं धरण बांधलं गेलं ते याच प्रश्नातून. टाटांच्या अभियंत्यांनी तळ्याचं पाणी पुण्याच्या बाजूने न सोडता बोगद्यातून कड्याच्या काठावर आणलं आणि जाडजूड लोखंडी नळांतून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. ते वीजघर १९२७ साली सुरू झालं. हजार लिटर पाणी, म्हणजे इमारतीवरची एक मध्यम टाकी, इथे खाली आली की एक युनिटहून जास्त वीज देते. तेच पाणी धरणाच्या भिंतीवरून पुण्याकडे सोडलं तर जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाची. पाणी तेच, तळं तेच, फक्त पाणसळीऐवजी ओळंब्याच्या बाजूने सोडलं.

नळाच्या तोंडाशी त्या पाण्याचा वेग किती असेल? हिशोब मांडला तर ताशी साडेतीनशे किलोमीटर येतो. ही धार एका चाकाच्या कडेला बसवलेल्या ओंजळीसारख्या वाट्यांवर आदळते. या चाकाला पेल्टन चाक म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात लेस्टर पेल्टन यांनी शोधलेलं. प्रत्येक वाटी धार पकडते, वळवते आणि तिच्यातला सगळा जोर काढून घेऊन पाणी जवळपास थांबल्यासारखं खाली टाकते. ताम्हिणी उतरताना तुमचे ब्रेक जे करतात, तेच ही चाकं करतात. फरक एवढाच की तुमची ऊर्जा वाऱ्यावर जाते आणि त्यांची तारेवरून मुंबईला.

या जागी मला दर वेळी थक्क व्हायला होतं, ते वेगळ्याच गोष्टीने. उतार जास्त असलेली नदी मागे कापत येते आणि दुसऱ्या नदीचं पाणी पळवते, याला भूगोलात नदी अपहरण म्हणतात. कुंडलिकेसारख्या कोकणातल्या नद्या कोट्यवधी वर्षं हेच करत आल्या आहेत. तशीच वाट पाहिली असती तर वर्षाला एक मिलीमीटरच्या चालीने कुंडलिकेचा कडा मुळेच्या या पाण्यापर्यंत यायला लाखो वर्षं लागली असती. माणसाने मध्ये एक बोगदा पाडला आणि ते काम काही वर्षांत उरकलं. सह्याद्री जे करणारच होता, तेच आपण घाईने केलं. चांदणी चौकात रस्त्याची घाई दिसली होती, ही तीच घाई. आणि त्या घाईची किंमत तळ्याखालच्या गावांनी दिली.

आता तिसऱ्या दिवसाचा नकाशा नव्याने बघा. कोलाडला कुंडलिकेच्या पुलावरून खाली बघितलं की भर हिवाळ्यातही नदी खळाळत असते. शेजारच्या ओढ्यांना टिपूस नाही आणि ही भरून वाहते, कशी? कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी हिच्यात येतं. कोलाडला पर्यटक रबरी नावांतून उड्या घेत जातात, ते वीजघरांनी सोडलेल्या पाण्याच्या वेळा पाहून. ते पाणी मूळचं मुळेचं. परवा संगमावर जिची सोबत धरली, कड्यावर जी सुटली असं वाटलं, ती इथे दुसऱ्या नावाने पुन्हा शेजारून वाहते आहे! एकाच तळ्यातला एक थेंब धरणातून पूर्वेला निघाला तर पंढरपूरवरून बंगालच्या उपसागरात आणि दुसरा बोगद्यात शिरला तर रोह्यावरून अरबी समुद्रात.

रोह्याच्या खाली सायकल पुन्हा पाणसळ होते. भात, आंब्याची कलमं, मग खाजण, खारफुटी, आणि पाय सांगतात की उतार संपला. इतका संपला की आता नदीलाही कुठे जायचं ते कळेनासं होतं. भरतीच्या वेळी काठावर थांबून पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या काडीकडे लक्ष ठेवा. काडी समुद्राकडून डोंगराकडे चालली आहे! दर साडेबारा तासांनी समुद्र खाडीत शिरतो आणि नदीला उलटी नेतो. ताम्हिणीत पाचशे मीटर उडी मारणाऱ्या पाण्याला इथे चंद्र मागे ढकलतो आहे.

साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात नाक खुपसून बसलेला. त्याच्या पायथ्याच्या गावात आजही सुमारे हजार माणसं घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले, भाषा राहिली. त्यांच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथल्याच चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. जो ओटा तुम्ही उतरलात, तो त्याने चढून पार केला होता.

संध्याकाळी रेवदंड्याच्या वाळूवर सायकल आडवी करा आणि प्रवासाचा शेवटचा तुकडा जोडा, जो आता दिसत नाही पण जूनमध्ये दिसेल. समोरच्या याच पाण्याची वाफ होऊन ढग उठतील आणि वाऱ्यावर पूर्वेला निघतील. ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर तुम्हाला दोन दिवस लागलेलं अंतर ते दोन तासांत कापतील. मग समोर तोच ओळंब्यातला कडा. थांबायला जागा नाही म्हणून ढग वर चढणार, वर गार होणार, दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी, आणि हातातलं पाणी सांडणार. ताम्हिणीत काही वर्षी सहा हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला आहे. वाहून न जाता तो जागीच साठला तर दुमजली घर बुडेल. तोच ढग कडा ओलांडून त्या सपाट दरीवरून, भाताच्या खाचरांवरून पुढे जातो आणि पुण्यात पोचेपर्यंत त्याच्याकडे फार थोडं उरतं. वर्षभराचं मिळून साधारण सातशे मिलीमीटर, म्हणजे मांडीपर्यंत.

म्हणून येत्या पावसाळ्यात संगम पुलावर सायकलवरून जाताना भुरभुर सुरू झाली, तर रेनकोट काढण्याआधी क्षणभर थांबा. चेहऱ्यावर पडलेला तो थेंब रेवदंड्याच्या बाजूने निघालेला असू शकतो. कडा चढून, मुळशीवर सांडून सांडून, उरलेला तेवढा इथवर आला आहे. पुलाखालून जाणारं पाणीही तिथूनच आलंय, फक्त दरीच्या तळातून, किलोमीटरमागे एक मीटर अशा चालीने.